नव्या सेल्फचा आवाज 'बसत' नसतो

"नवीन सेल्फ हाय भाऊ, चार दिवसांत आवाज बसून जाईल." एवढ्यावर पैसे देऊ नका, राजेहो! दातावर दात घासला तर बसत नाही, झिजतो.

नुसती टकटक होऊन इंजिन फिरत नसेल तर आधी बॅटरी अन् अर्थिंग पाहा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू होऊन किल्ली सोडली तरी किर्र चालूच? पिनियन मागे येत नाही. जुना सेल्फ एक्सचेंजमध्ये देऊन मोकळे होता कायले? दोन्ही शेजारी ठेवा, पिनियनचे दात मोजा. बोल्ट तपासा, फ्लायव्हीलच्या रिंगवर टॉर्च मारा. रिंग खाल्ली तर गिअरबॉक्स उतरवावा लागते. ऐन तोड्यात मिरचीची पोती मांढळच्या बाजाराऐवजी गॅरेजात, पिकअपमध्येच.