बेने इस्राएल मुलांचें धर्मशिक्षण

धर्मशिक्षण म्हणजे पाठांतर, अशी समजूत आमच्या देशांतील बहुतेक सर्व पंथांत रूढ आहे. तिचा परिणाम काय होतो हें पाहावयाचें असेल, तर कोंकणांतील बेने इस्राएल या लहानशा समाजाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाब्याच्या गांवोगांवीं 'शनिवार तेली' या नांवानें ओळखले जाणारे हे आमचे मराठीभाषी बांधव. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. आज भारतांत सर्व यहुदी मिळून थोडीं हजार माणसें उरलीं आहेत. अशा समाजांत नऊ ते बारा वर्षांच्या मुलास धर्म कसा शिकवावा, हा प्रश्न किरकोळ नव्हे. समाजाचें टिकणें न टिकणें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

यहुदी परंपरेंत शिक्षणाची आस्था जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत यहोशुआ बेन गमला या मुख्य याजकानें सहा-सात वर्षांच्या मुलांसाठीं गांवोगांवीं शिक्षक नेमण्याची व्यवस्था केली, असें तालमूद सांगतो. आणि पंचवीस मुलांस एक शिक्षक, पन्नास झालीं तर दोन, असें प्रमाणही त्याच ग्रंथांत घालून दिलें आहे. आमच्या आजच्या कित्येक शाळांस हें प्रमाण साधलेलें नाहीं! तेराव्या वर्षीं मुलगा व बाराव्या वर्षीं मुलगी धर्मनियमांस बांधली जाते. म्हणजे नऊ ते बारा हा काळ, कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर, सज्ञान होण्यापूर्वींची शेवटची मुदत होय. यहुदी धर्म स्वतःस ईश्वराशीं झालेला करार समजतो. ज्या कराराचा मजकूर पक्षकारास समजावून दिला नाहीं, त्यावरील सहीकडे कोणतेंही न्यायालय संशयानेंच पाहील. मग अर्थ न कळतां हिब्रू अक्षरें घोकून सेफेर तोरापुढें उभ्या राहिलेल्या मुलाच्या सहीची किंमत काय धरावयाची?

वल्हांडणाच्या रात्रीं घरांतील सर्वांत धाकट्या मुलानें प्रश्न विचारावे आणि वडिलांनीं मिसर देशांतून सुटकेची कथा सांगावी, अशी ज्या धर्मांत चाल आहे, त्या धर्मांत मुलाच्या प्रश्नास 'गप्प बैस' हें उत्तर शोभत नाहीं. दहा वर्षांचें मूल 'काय' एवढ्यावर थांबत नाहीं. तें 'कां' विचारतें. शनिवारीं काम कां करावयाचें नाहीं, अमुक मांस कां खावयाचें नाहीं, मित्र जें करितात तें मीं कां करूं नये, हे त्याचे प्रश्न असतात. त्यांचें उत्तर घरीं मिळालें नाहीं, तर तें दुसरीकडे शोधूं लागेल. किंवा विचारणेंच सोडून देईल, आणि हें दुसरें अधिक वाईट.

पूर्वजांनीं ही गोष्ट ओळखली होती. डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानें १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें, तें धर्मांतराच्या हेतूनें. पण समाजानें विद्या घेतली व आमिष बहुतांशीं नाकारिलें. १८७४ सालीं पुण्यांत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. १८७५ सालीं हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं मुंबईंत समाजासाठीं शाळा काढिली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले. आणि इतकेंच नव्हे, तर मोशे व योसेफ यांचीं आख्यानें आमच्या कीर्तनाच्या थाटांत रंगूं लागलीं. स्वधर्म स्वभाषेंत शिकविण्याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

कोणी म्हणेल, हें काम शाळेनें करावें. घटनेच्या ३० व्या कलमान्वयें अल्पसंख्याकांस शाळा चालविण्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जाही दिला आहे. परंतु केहीमकरांच्या त्या शाळेंत, जी पुढें सर एली कदूरी यांच्या नांवानें चालूं लागली, आज बहुतेक विद्यार्थी अन्य धर्मांचे आहेत. आणि २८ वें कलम असें की, सरकारमान्य वा अनुदानित शाळेंत पालकाच्या संमतीवांचून कोणाही मुलास धर्मशिक्षण घेणें भाग पाडतां येत नाहीं. हें कलम योग्यच आहे. हक्क आहे, पण वर्ग भरण्याइतकीं मुलें नाहींत. तेव्हां भार सिनेगॉगवर आणि घरावर येतो.

दुसरा पक्ष म्हणतो, परदेशांतून तयार पुस्तकें येतात, तीं पुरेत. तीं अवश्य घ्यावीं. पण एलियाहू हनाबीच्या नांवानें मांडलेलें मलिद्याचें ताट तेथें सांपडावयाचें नाहीं. इस्रायलांत याच समाजाच्या यहुदीपणाविषयीं धर्मपीठानें शंका घेतली आणि ती दूर होण्यास १९६४ साल उजाडलें, हें ज्यांस आठवतें त्यांनीं आपला इतिहास परक्या पुस्तकांवर सोंपवूं नये.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, हिब्रू वाचन शिकवावें, पण प्रत्येक प्रार्थनेचा अर्थ मुलास कळणाऱ्या भाषेंत आधीं सांगावा. ती भाषा मराठी असल्यास उत्तम, मूल इंग्रजी शाळेंत जात असल्यास इंग्रजीही चालेल. दुसरी, मुलींस तेंच शिक्षण तितकेंच द्यावें. क्राकाव शहरीं सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईनें १९१७ सालीं मुलींची धर्मशाळा काढिली, तेव्हां कर्मठांतही तिचा प्रसार झाला. मग कोंकणांत अडचण कसली? तिसरी, अलिबाग-पेणकडील एकेकट्या मुलांस महिन्यांतून एकदां एकत्र आणावें आणि शिकविणारास वेतन द्यावें. इमारतींच्या डागडुजीस वर्गणी मिळते. शिक्षकास मिळूं नये, हें लाजिरवाणें आहे.

मुंबईचें शाआर हाराहमीम १७९६ सालीं स्थापन झालें. त्याच्या भिंती आणखी शंभर वर्षें टिकतील. आंत प्रार्थनेचा अर्थ जाणणारे दहा जण असतील कीं नाहीं, हें आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलास आपण काय उत्तर देतों यावर ठरेल. आणि हा प्रश्न केवळ यहुद्यांचा आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आपल्या मुलास संध्येचा अथवा नमाजाचा अर्थ एकदां विचारून पाहावा.