ममतेलाही हिशेब द्यावा लागतो

मे महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतून मुलांच्या शिबिरांची लगबग सुरू होते. शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, गाण्यांचे सूर घुमू लागतात आणि आठवडाभर घरातली पोरे जेवणापुरतीही घरी सापडत नाहीत. मुलांना एकत्र आणणे ही गोष्ट मुळातच चांगली, असा आपला सर्वांचा समज आहे. तो बहुतेक वेळा खराही ठरतो. परंतु कोणताही समज, तो कितीही शुभ असो, तपासून घेतला नाही की केव्हा तरी निरपराध माणसाच्या जिवावर उठतो. अमेरिका व कॅनडा या देशांत सिस्टिक फायब्रोसिस या आजाराच्या मुलांसाठी भरणाऱ्या उन्हाळी शिबिरांची कथा ही अशा न तपासलेल्या ममतेची कथा आहे. ती आज सांगण्याचे कारण एवढेच, की ‘चांगल्या हेतूने केलेल्या कामाला नावे ठेवू नयेत’ हे वाक्य आपल्याकडेही फार सहजपणे उच्चारले जाते. आमचा या वाक्याला विरोध आहे.

प्रथम आजाराविषयी. शरीरातील पेशींच्या आवरणातून मिठाची व त्याबरोबर पाण्याची ने-आण करणारे एक प्रथिन या आजारात जन्मतःच सदोष असते. त्यामुळे फुप्फुसांतील व स्वादुपिंडातील द्राव पातळ न राहता चिकट होतो. अन्न पचत नाही, मूल भरपूर खाऊनही खंगत जाते; छातीत साचलेल्या चिकट कफात जंतू घर करतात आणि फुप्फुसे हळूहळू निकामी होतात. आई आणि वडील दोघेही या दोषाचे वाहक असतील तरच मूल आजारी निपजते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक इतकी असते. ‘आईकडून आले’ असे म्हणणाऱ्या सासरच्या मंडळींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. दहा वर्षांनी, १९४८ च्या उन्हाळ्यात, त्याच शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुले फार आढळली. त्यांच्या घामात मीठ प्रमाणाबाहेर असते, हे त्यातून उलगडले आणि घामाची चाचणी हीच निदानाची खूण ठरली. पुढे १९८९ मध्ये या दोषाचे जनुकही हाती लागले.

त्या काळी या मुलांपैकी फार थोडी तारुण्यापर्यंत पोहोचत. दिवसातून दोन-तीन वेळा आई-वडिलांनी छाती-पाठ थापटून कफ सुटा करायचा, प्रत्येक घासाआधी पाचक गोळ्या गिळायच्या, वर्गात खोकल्याची उबळ आली की सगळ्यांच्या नजरा झेलायच्या, असे त्यांचे बालपण. अशा मुलांना उन्हाळ्यात एखाद्या तळ्याकाठी आठवडाभर एकत्र न्यावे, हा विचार ज्यांना सुचला त्यांचे अंतःकरण कोमल होते, यात संशय नाही. तेथे सारेच खोकणारे, म्हणून खोकल्याची लाज नाही. सारेच गोळ्या घेणारे, म्हणून प्रश्न विचारणारे कोणी नाही. मुले रांगेत पालथी पडून छाती थापटून घेत, रात्री शेकोटीभोवती गात आणि एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपत. ‘माझ्यासारखे आणखी कोणी आहे’ हे त्यांना आयुष्यात प्रथमच तेथे कळे. आई-वडिलांनाही वर्षातून एकदा सलग झोप मिळे. हे सुख खरे होते. ते खोटे होते असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आणि ते खरे होते म्हणूनच पुढचा प्रश्न बिकट झाला.

१९५० साली वॉल्टर बर्कहोल्डर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने कांदा कुजविणाऱ्या एका जंतूची नोंद केली. कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला ‘सेपेशिया’ म्हणू लागले. निरोगी माणसाच्या वाटेला हा जंतू सहसा जात नाही. मात्र सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या छातीत तो शिरला की बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९८४ साली जे प्रसिद्ध केले, ते वाचून अंगावर काटा येतो. या जंतूची लागण झालेल्यांपैकी काही रुग्ण, त्यांत कालपर्यंत बऱ्यापैकी हिंडते-फिरतेही होते, तीव्र ताप, झपाट्याने कुजत जाणारी फुप्फुसे आणि रक्तात पसरलेले विष यांनी पाहता पाहता दगावत होते. हा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो काय, हा प्रश्न त्या दिवसापासून दारात उभा होता.

शिबिरे मात्र भरतच राहिली. १९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने काही शिबिरांची प्रत्यक्ष पाहणी केली. तिचा निष्कर्ष असा, की शिबिराला येताना ज्यांच्या कफात हा जंतू नव्हता अशी काही मुले घरी जाताना तो घेऊन गेली, आणि शिबिरात बाधित मुले जितकी अधिक, तितका हा धोका अधिक. ही पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी १९९३ मध्ये ब्रिटनमधील एडिनबरो व मँचेस्टर येथील रुग्णांच्या अभ्यासाने दाखवून दिले होते, की निव्वळ सामाजिक सहवासातून, रुग्णालयाबाहेरच्या स्नेहातूनही, हा जंतू पसरतो. ज्या मैत्रीसाठी शिबिरे भरविली, तीच मैत्री जंतूची वाट झाली होती. त्या सुमारास ही शिबिरे एकामागून एक बंद झाली.

या बंदीवर त्या काळी पुष्कळ अश्रू ढाळले गेले आणि आजही ढाळले जातात. डॉक्टरांनी कोरड्या शास्त्रापायी मुलांचा एकुलता एक आनंद हिरावला, असे म्हणणारे तिकडे होते. तसाच सूर आपल्याकडेही, कोणत्याही दक्षतेविषयी बोलू लागताच, लागतो. या पक्षाचे म्हणणे आम्ही टाळू इच्छित नाही. ते तीन प्रकारचे आहे.

पहिले म्हणणे : पुरावा पक्का नव्हता. हे काही अंशी खरे आहे. जंतूमुळे रुग्ण खालावतो की खालावलेल्या रुग्णालाच जंतू गाठतो, याविषयी जाणकारांतही मतभेद होते. परंतु पुरावा पक्का होईपर्यंत वाट कोणी पाहायची? शिबिराचे संयोजक वाट पाहत होते ते कार्यालयात बसून. ज्याच्या छातीवर तो प्रयोग चालला होता, ते नऊ वर्षांचे मूल शेजारच्या खाटेवर झोपले होते. शंकेचा फायदा घ्यायचाच तर तो दुबळ्याला मिळावा, व्यवस्थेला नव्हे. १९८४ ते १९९३ हा काळ नऊ वर्षांचा आहे, आणि ज्यांच्या आयुष्याची वर्षेच मोजकी, त्यांच्या हिशेबात नऊ वर्षे ही किरकोळ रक्कम नव्हे.

दुसरे म्हणणे : मुलांना स्वतःलाच ती शिबिरे हवी होती, थोडके जगू पण सोबतीने जगू, असे त्यांतील थोरली मुले म्हणत. या म्हणण्यापुढे आम्ही नम्र होतो. जाणत्या माणसाने स्वतःच्या जिवाचा धोका स्वतः पत्करावा, हे आम्हाला समजते. पण संसर्गाच्या बाबतीत कोणाचाही धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने धैर्याने घेतलेला जंतू सात वर्षांच्या मुलीला तिच्या नकळत मिळतो. तिला कोणी विचारले होते? धैर्य स्वतःपुरते असेल तोवरच ते धैर्य. दुसऱ्याच्या खात्यावर दाखविलेल्या धैर्याला निराळे नाव आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत लाडके आणि म्हणूनच सर्वांत घातक : हेतू चांगला होता. वाचकहो, हेतू चांगला होता म्हणूनच तपासणी लांबली. शिबिर काढणारा धंदेवाईक असता, नफ्यासाठी मुलांना एका खोलीत कोंबणारा असता, तर पहिल्याच शंकेला आपण त्याला धारेवर धरले असते. सेवाभावी माणसाला प्रश्न विचारताना मात्र आपली जीभ अडखळते. आपले काम प्रेमाचे आहे या जाणिवेने तोही स्वतःला प्रश्न विचारीनासा होतो. प्रेम हे कृतीचे कारण असू शकते, तिचे प्रमाणपत्र असू शकत नाही. ज्याने प्रेमाने औषध पाजले त्यानेही बाटलीवरचे नाव वाचलेच पाहिजे.

मग बंदी घालणारे सर्वस्वी निर्दोष होते काय? नाही. शिबिरे बंद करणे योग्य होते, पण बंद करताना जे रिते झाले ते भरून काढण्याची घाई फारशी कोणाला दिसली नाही. विशेषतः ज्यांच्या छातीत तो जंतू आधीच शिरला होता, ती मुले एका रात्रीत आपल्याच आजाराच्या समाजातून बहिष्कृत झाली. कालचे मित्र आज दूर उभे राहू लागले. जंतू नकोसा होता; मूल नकोसे नव्हते. हा भेद तोंडाने सांगून पुरत नाही, तो वागणुकीत दाखवावा लागतो. पुढे २०१३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत या रुग्णांनी एकमेकांपासून किमान सहा फूट अंतर राखावे असे स्पष्ट झाले. एकाच आजाराच्या दोन माणसांनी एकमेकांचा हातही हातात घेऊ नये, यासारखी एकाकी शिक्षा दुसऱ्या आजारात क्वचितच असेल. ती शिक्षा अपरिहार्य असेल तर तिची भरपाई इतरांनी करायची असते. आणि हे ‘इतर’ म्हणजे कोण, हाच आमच्या लेखाचा खरा प्रश्न आहे.

येथे आपल्या घराकडे वळू. हा आजार गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, असे फार काळ मानले गेले. भारतातील रुग्णांची नोंद १९६८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. तरीही वारंवार होणारा न्यूमोनिया, क्षयाची शंका, कुपोषण अशा नावांखाली ही मुले हरवत राहिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर घामावाटे मीठ गमावून तान्ही मुले थेट कोसळतात. घामाची चाचणी मोजक्याच ठिकाणी होते. मूळ दोषावरच काम करणारे जे संयुक्त औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झाले, त्याने तिकडच्या अनेक रुग्णांचे आयुष्य पालटले. मात्र तेथील छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक ठेवली गेली. ही किंमत कोणत्या मध्यमवर्गीय घराला परवडेल, हे सांगण्यास गणिताची गरज नाही. तेव्हा निदान, मीठ, पाचक गोळ्या, छातीची निगा आणि माणसांची साथ, एवढ्याच आधारावर आपल्याकडच्या बहुतेक मुलांना उभे राहावे लागते.

यांतील शेवटची गोष्ट तरी आपल्या हातची आहे. आणि नेमके तेथेच आपण चुकतो. खोकणारे, हाडकुळे मूल शिबिराच्या नावनोंदणीला आले की आपल्या कपाळावर आठी पडते. ‘याच्यासाठी वेगळी सोय करू’, ‘अशा मुलांचा वेगळा मेळावा घेऊ’, असे आपण म्हणतो, आणि असे म्हणताना आपल्याला आपण दयाळू वाटतो. वर सांगितलेल्या कथेचा धडा याच्या अगदी उलट आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा जडणारा रोग नव्हे. तो जन्माचा आहे. या मुलापासून आपल्या धडधाकट मुलांना तो होणार नाही. त्या मुलाला खरा धोका आहे तो त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलाच्या सहवासाचा. म्हणजे ‘आपल्यासारख्यां’च्या वेगळ्या शिबिरात त्याला पाठविणे हीच क्रूरता, आणि तुमच्या-आमच्या पोरांच्या घोळक्यात त्याला जागा देणे हीच त्याची सुरक्षितता. एका शिबिरात असे एकच मूल असावे. सर्दी-तापाने आजारी पोराने त्या दिवशी घरी राहावे. जेवणाआधी गोळ्या घेण्याला कोणी हसू नये. उन्हात मीठ-पाणी वेळेवर मिळावे. सकाळ-संध्याकाळ छाती थापटून घ्यायला एक शांत खोली आणि शिकवून तयार केलेले एक माणूस असावे. याला ना मोठा निधी लागतो, ना परदेशी तज्ज्ञ.

अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत या आजारासह जन्मलेल्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान आता साठीच्या पलीकडे गेले आहे. ते केवळ औषधांनी गेले नाही. आपण चुकलो हे मान्य करून लाडकी गोष्ट बंद करण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्यांचाही त्यात वाटा आहे. आपल्याला बंद करायचे आहे ते फार थोडे : आपल्या मनातले ‘वेगळी सोय’ हे दोन शब्द. येत्या मे महिन्यात नावनोंदणीच्या टेबलाशी एखादी आई आपल्या खोकणाऱ्या मुलाचा हात धरून उभी राहील. मुलाला काय होते आहे, हे तिला खालच्या आवाजात सांगावे लागेल. त्या वेळी तिला पुढच्या दारी पाठवू नका. वही उघडा आणि त्याचे नाव इतरांच्याच यादीत लिहा.