सुजलेला घोटा आणि कॅल्शियमचे दार

साठीच्या बाई समोर बसतात आणि पिशवीतून औषधे काढून टेबलावर मांडतात. ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम आणि पोटॅशियमच्या सिरपची अर्धी संपलेली बाटली. "डॉक्टर, सकाळी पाय बरे असतात, पण दिवेलागणीला चप्पल पायात जात नाही." घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, तर चांगला खोल खळगा पडतो. मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, छाती स्वच्छ आहे, जिना चढताना दम लागत नाही, लघवीत प्रथिने नाहीत.

ही चिठ्ठी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे. पहिली गोळी रक्तदाबासाठी, दुसरी पहिलीने आणलेल्या सुजेसाठी, आणि सिरप दुसरीने घालवलेल्या पोटॅशियमसाठी. अशा चिठ्ठ्या मीही अनेक वर्षे लिहिल्या. सूज म्हणजे पाणी साठले, पाणी साठले की लघवीची गोळी, असे हाताला वळण पडून गेले होते. ते मोडले एका रविवारी, स्मूथ मसलच्या आयन चॅनेलवरचे प्रकरण पुन्हा वाचताना. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी परीक्षेपुरते पाठ केलेले ते प्रकरण या अंकाच्या निमित्ताने आपण सर्वांनी पुन्हा उघडावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हातापायाच्या स्नायूची पेशी विश्रांतीत असताना तिच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट दाब असतो. मेंदूचा हुकूम आला की ती पेटते, काम करते आणि पुन्हा निजते. लहान धमनीच्या भिंतीतली स्मूथ मसलची पेशी अशी पूर्ण निजतच नाही. रक्ताच्या दाबाखाली ती उणे ५५ ते उणे ४० मिलिव्होल्टच्या दरम्यान, अर्धवट जागी राहते. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून अधिक असते आणि ते आत यायला टपलेले असते. या अर्धजाग्या अवस्थेत एल प्रकारची कॅल्शियम चॅनेल थोडी थोडी उघडत राहतात. त्यातून येणाऱ्या कॅल्शियमच्या बारीक धारेवर धमनीचा ताण टिकून असतो. व्होल्टेज दोन-चार मिलिव्होल्टनी जरी हलले, तरी धमनीचा व्यास मोजता येईल इतका बदलतो.

डायहायड्रोपिरिडीन गटातली औषधे हृदयापेक्षा रक्तवाहिनीवर अधिक का काम करतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच आकड्यांत आहे. ही औषधे निष्क्रिय अवस्थेतल्या चॅनेलला जास्त घट्ट चिकटतात. पेशी अर्धवट जागी असली की अशी चॅनेल भरपूर सापडतात. हृदयाच्या झडपांखालची जाड भिंत दोन ठोक्यांमध्ये उणे ८५-९० पर्यंत खाली जाते, तिथे ती कमी सापडतात. आणि हातापायाच्या स्नायूला बाहेरच्या कॅल्शियमची दर आकुंचनाला गरजच पडत नाही, म्हणून ॲम्लोडिपिन घेणारा रुग्ण भाकरीचे पीठ मळताना अशक्त होत नाही. आतड्याच्या स्नायूला मात्र तेच चॅनेल लागते. व्हेरापामिल सुरू केल्यावर रुग्ण बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन येतो, ती याचमुळे.

आता घोट्याकडे येऊ. ॲम्लोडिपिन केशवाहिनीच्या अलीकडची लहान धमनी सैल करते. पलीकडची लहान शीर जवळपास होती तशीच राहते. शेती करणाऱ्या रुग्णांना मी पाटाचे उदाहरण देतो: वरचे दार मोकळे सोडले आणि खालची चारी तुंबलेलीच ठेवली, तर पाणी वाफ्यातच चढणार. केशवाहिनीतला दाब वाढतो, द्रव ऊतीत झिरपतो आणि दिवसभर उभे राहिलेल्या माणसाच्या घोट्यात उतरतो. शरीरात मीठ-पाणी जास्त झालेले नसते. म्हणून लघवीची गोळी इथे फारसे काही करत नाही, उलट वयस्क माणसाला कोरडे पाडते, रात्री तीनदा उठवते आणि पोटॅशियम घालवते. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी शिरेची बाजूही सैल करतात, म्हणून त्यांची जोड दिली की सूज उतरते.

त्या बाईंचे मी एवढेच केले. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले, सिरप बंद केले, कारण एआरबीसोबत ते धोक्याचे ठरते. फ्युरोसेमाइड थांबवले, ॲम्लोडिपिन ५ वर आणले आणि टेल्मिसार्टन जोडले. काही आठवड्यांनी त्या चप्पल घालून आल्या. पण हा उपाय डोळे मिटून करण्याचा नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड आधी पाहायचे, आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे फ्युरोसेमाइड कधीही असे काढायचे नाही.

कॅल्शियमबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना धमनीच्या पेशीत कॅल्शियमच्या क्षणिक ठिणग्या दिसल्या. कॅल्शियम म्हणजे आकुंचन, असे आपण शिकलो. या ठिणग्या नेमके उलट करत होत्या. पेशीच्या कडेला उडालेली ठिणगी जवळच्या बीके नावाच्या पोटॅशियम चॅनेलला उघडते, पोटॅशियम बाहेर जाते, पेशीचे व्होल्टेज खाली उतरते, कॅल्शियमची दारे मिटतात आणि धमनी सैल होते. म्हणजे एकच आयन पेशीभर पसरला तर आवळतो आणि कडेला ठिणगीसारखा उडाला तर सोडतो. ताण फार वाढू नये म्हणून पेशीने आपला ब्रेक स्वतःच बसवून घेतला आहे.

हा ब्रेक ओळखायला जे हत्यार जगभरच्या प्रयोगशाळांना मिळाले, ते आपल्या ओळखीच्या प्राण्याचे आहे. १९९० साली लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे केले गेले. ते बीके चॅनेलच तेवढे बंद करते. धमनीवर ते टाकले आणि ती आवळली, तर ब्रेक चालू होता हे सिद्ध होते. ज्या विंचवाला कोकणातला माणूस भाताच्या पेंढ्याला हात घालताना भितो, तोच हा.

त्याच विषातली दुसरी प्रथिने मात्र मज्जातंतूंची सोडियम चॅनेल उघडी धरून ठेवतात. कॅटेकोलामाइनचा पूर येतो, धमन्यांचे स्मूथ मसल आवळते, हातपाय थंडगार पडतात, घाम आणि उलट्या सुरू होतात, आणि हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी बंद केला तो स्मूथ मसलवरचा अल्फा-१ रिसेप्टर. तालुक्याच्या ठिकाणी बसून, रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी राहून, पेशीच्या पातळीवर विचार करणाऱ्या या डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मूलभूत शास्त्र हे मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी महाडकडे पाहावे.

सध्या आणखी एक रुग्ण आपल्याकडे येऊ लागला आहे. वय तिशीचे, रक्तदाब नाही, तरी पायावर सूज आणि छातीत धडधड. विचारल्यावर कळते की केस गळतात म्हणून तो तोंडावाटे मिनॉक्सिडिल घेतो आहे. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचेच औषध, ते केएटीपी हे पोटॅशियम चॅनेल उघडते. कांटू सिंड्रोम नावाच्या दुर्मीळ जनुकीय आजारात हेच चॅनेल जन्मापासून जास्त उघडे राहते. त्या मुलांना अंगभर दाट केस, सूज आणि मोठे हृदय असते. औषधाच्या दुष्परिणामांची यादी आणि आजाराच्या लक्षणांची यादी इतकी जुळते, की एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी लिहिलेली गोळी रुग्ण आपल्याला आपणहून सांगत नाही, ती विचारावी लागते.

आणि निफेडिपिनची कॅप्सूल. सुईने टोचून जिभेखाली पिळायची सवय अजून अनेक दवाखान्यांत आहे. दाब झपकन उतरतो आणि नातेवाइकांचे समाधान होते. पण धमन्या एकदम सैल झाल्या की मेंदू आणि हृदय यांना आधीच अरुंद वाहिन्यांतून मिळणारे रक्तही तुटते. पक्षाघात आणि हार्ट अटॅक त्यातून झालेले आहेत. या वापरावर बंदी आणावी, असे १९९६ साली जामा या नियतकालिकात स्पष्ट लिहिले गेले. इतक्या वर्षांनंतरही ही कॅप्सूल आपल्या ड्रॉवरमध्ये असेल, तर तिला माझ्याजवळ कोणतेही समर्थन नाही.

सर्व वाचक डॉक्टरांना या महिन्यापुरती एक विनंती आहे. ज्या चिठ्ठीवर ॲम्लोडिपिन आणि फ्युरोसेमाइड दोन्ही दिसतील, तिथे थांबून रुग्णाला विचारा की आधी काय सुरू झाले, गोळी की सूज. उत्तर 'गोळी' असेल, तर तपासण्या करून चिठ्ठी नव्याने लिहा, आणि पुढच्या भेटीत काय फरक दिसला ते आम्हाला कळवा. आलेले अनुभव, रुग्णाचे नाव न देता, पुढच्या अंकात छापू.