लाइट गेली तर सीपॅप किती वेळ चालेल?

मागच्या जूनमधली गोष्ट. इंदूरला आमच्याकडे वादळ झालं, लाइट गेली आणि रात्री अडीचला इन्व्हर्टरनेही मान टाकली. बाबा दचकून उठले. तोंडावर मास्क होता, पण मशीनची हवा बंद. मास्क काढून ते पुन्हा झोपले खरे, पण सकाळपर्यंत नुसतं घोरणं, मधेच श्वास अडकणं आणि उठून बसणं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर, सिग्नलला उभं असताना त्यांचा डोळा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून जाग आली.

तुमच्या घरी कोणी स्लीप अ‍ॅप्नियासाठी सीपॅप लावत असेल तर ही भीती तुम्हाला नवीन नाही. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, मशीन हवेच्या दाबाने तो उघडा ठेवते. वीज गेली की त्या रात्रीचा उपचारही गेला.

मग बॅटरी किती मोठी हवी? आम्ही अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचलं: २४ व्होल्ट, ३.७५ अँपिअर. गुणाकार केला, ९० वॉट. आठ तासांचे ७२० वॉट-आवर. दुकानदाराने लगेच महागडी बॅटरी दाखवली. पण लेबलवरचा आकडा म्हणजे अ‍ॅडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. मशीन रात्रभर तेवढी वीज ओढत नाही.

खरा आकडा शोधायला एक सोपी वस्तू मिळते: सॉकेट आणि मशीनच्या मधे लावायचा छोटा वीजमीटर. तो ऑनलाइन मागवला आणि दोन रात्री मोजलं. ह्युमिडिफायर चालू असताना सात तासांत ०.२८ युनिट, म्हणजे २८० वॉट-आवर. तासाला ४०. दुसऱ्या रात्री ह्युमिडिफायरची हीट बंद ठेवली, तर फक्त ७० वॉट-आवर. तासाला १०! म्हणजे हवा ढकलायला वीज थोडीच लागते, बाकी सगळी पाणी गरम करण्यात जाते. तुमचे आकडे वेगळे येतील. दाब जास्त असेल किंवा मास्कमधून हवा गळत असेल तर खर्च वाढतो.

आता इन्व्हर्टर. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच. गुणाकार १८०० वॉट-आवर. पण बॅटरी चार वर्षं जुनी, लेड-अ‍ॅसिडची, पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून मी निम्मेच धरले, ९००. त्यावर काय काय चालतं ते लिहिलं आणि हसूच आलं. दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॉट. वायफाय १०. मशीन ४०. एकूण २००, म्हणजे जेमतेम साडेचार तास. ह्युमिडिफायर बंद केला तरी पाच तासांच्या थोडं पुढे. आम्ही इतके दिवस मशीनला दोष देत होतो, बॅटरी खात होते पंखे! एकच पंखा आणि हीट बंद, असं धरलं की ९५ वॉट, नऊ तास निघतात. बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटमध्ये फिरतो, तो बाबांच्या खोलीत लावायचं ठरलं आहे.

घरात इन्व्हर्टर नसेल आणि तुम्ही मशीनसाठी वेगळी बॅटरी घेणार असाल तर गणित उलटं होतं. तिथे पंखा नाही, ह्युमिडिफायरच सगळं ठरवतो. ३०० वॉट-आवरच्या बॅटरीतून हाती २४० येतात असं धरा: हीट चालू असेल तर सहा तास, बंद असेल तर तीन रात्री. मशीन बनवणाऱ्या कंपनीची डीसी केबल मिळत असेल तर तीच वापरा, वीज कमी वाया जाते. मोबाइलच्या पॉवर बँकेवरच्या २०,००० एमएएचला मात्र भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ७४ वॉट-आवर, आणि साध्या पॉवर बँकेवर सीपॅप चालतही नाही.

हीट बंद केल्यावर घसा कोरडा पडू शकतो, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. बायपॅप असेल तर आकडे नव्याने मोजा. आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला हे गणित लावूच नका, घरगुती ५ लिटरचा तासाला ३०० वॉट-आवर किंवा त्याहून जास्त खातो.

कागदावरचं गणित आम्ही एका शनिवारी तपासलं, कारण रविवारी बाबांना कुठे जायचं नव्हतं. रात्री दहाला मेन स्विच बंद केला. आई आणि मी गच्चीवर झोपलो, खाली एकच पंखा, हीट बंद. सकाळी सातला खाली आलो तर इन्व्हर्टर चालू होता, मशीनही. बाबांना हाक मारली, तर त्यांनी कूस बदलली आणि परत झोपले.