विणणारीच्या तासांचा हिशेब कोण ठेवणार?

मालेगाव म्हटले की लोकांना नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागाचे मालेगाव आठवते. आपले मालेगाव वाशिम जिल्ह्यातले. 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला, तेव्हापासून त्या जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे माग नाहीत, पण घराघरांत दोन सुयांवर लोकर विणणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या हुनराचा व्यापार आपण नीट करत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हिवाळा आला की विदर्भातील शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने लागतात. त्यांचा बराचसा माल लुधियानाच्या यंत्रांवर तयार होतो, आणि तोही पुष्कळदा उधारीवर उचललेला असतो. काही शे रुपयांना मिळणाऱ्या त्या स्वेटरशी हाताने विणलेल्या कार्डिगनची तुलना करून भाव पाडणे, ही आपली पहिली चूक. भावाच्या शर्यतीत हात यंत्राला कधीच हरवणार नाही.

साधा हिशेब करू. पुढून उघडे, बटणांचे, मोठ्या माणसाचे कार्डिगन म्हणजे पाठ, दोन पुढचे पल्ले, दोन बाह्या आणि बटणपट्टी. समजा, त्याला 50 तास लागले आणि तासाला अवघे 40 रुपये धरले, तर मजुरीच 2000 रुपये झाली. लोकर व बटणांचे 600 धरले तर 2600. त्यावर दुकानदाराचा दहा टक्के नफा 260. म्हणजे 2860 रुपयांच्या खाली ही वस्तू विकली, तर तोटा दुकानदाराला होत नाही. तो विणणारीच्या तासांतून कापला जातो. फावल्या वेळेचे काम म्हणून तिचे तास कोणी मोजतच नाही. घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्यावी, अशी आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे. घरात बसून काम करणारी स्त्री या शिकवणीबाहेर आहे काय?

मग एवढ्या भावाला गिऱ्हाईक कोठून आणावे? माझे मत असे की माल विणून ठेवू नये, ऑर्डर घेऊनच विणावा. सुरुवात तान्ह्या बाळाच्या स्वेटर-टोपड्यापासून करावी. लोकर थोडी, तास थोडे, आणि बाळंतविड्यासाठी लोक हौसेने पैसे मोजतात. मोठे कार्डिगन मापावर, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन.

ऑर्डरीचे काम मापात चुकून चालत नाही. आधी नमुन्याचा चौकोन विणून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. 22 टाके बसत असतील तर 100 सेंटिमीटरच्या घेराला 220 टाके लागतात. हात सैल पडून 20 च बसले, तर तेच 220 टाके 110 सेंटिमीटर होतात आणि कपडा परत येतो. लोकर एकदमच, एकाच लॉट नंबरची घ्यावी, नाहीतर बाह्यांचा रंग वेगळा दिसतो.

दुकानदार बांधवांनाही सांगणे आहे. अॅक्रिलिकला लोकर म्हणून विकू नका. अॅक्रिलिक स्वस्त असते आणि धुण्यास सोपे, त्यामुळे बाळाच्या कपड्याला ते चालतेही. पण गिऱ्हाईकाला तसे सांगितले पाहिजे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला पैगंबरांनी (स.) टोकले होते, तोच न्याय येथेही लागतो.

सरकारकडे पाहावे, तर 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपी आहे, लोकर विणणारा नाही. तेव्हा पहिली व्यवस्था आपणच करावी. एका दुकानाने चार-पाच भगिनींची वही ठेवावी, त्यात तास लिहावेत, आणि माल हाती येताच पैसे द्यावेत.

हे हुनर आपल्याला परके नाही. विणकामाचे जुने नमुने इजिप्तमधील मुस्लिम राजवटींच्या काळातले सापडतात. 1275 मध्ये वारलेल्या स्पेनमधील एका ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत मुस्लिम कारागिरांनी विणलेला मानला जाणारा रेशमी अभ्रा मिळाला. त्याच्या काठावर अरबीत ‘बरकत’ हा शब्द आहे. आपल्या धंद्यात ती बरकत हवी असेल, तर आधी विणणारीचे तास वहीत लिहिले गेले पाहिजेत.