अभ्यासिकेची परीक्षा

सेवावस्तीतील अभ्यासिकांचे वृत्त वाचताना प्रथम नजरेत भरते ती संख्या. अभ्यासिका किती, विद्यार्थी किती, श्लोक पाठ असलेले किती, हे सारे त्यात असते. संघटनेच्या कामात संख्येला महत्त्व आहेच. परंतु जवळजवळ प्रत्येक वस्तीत या संख्येत न मावणारा एखादा मुलगा असतो. आईच्या धाकाने तो येतो, भिंतीला टेकून बसतो, प्रार्थनेच्या वेळी शेजाऱ्याला चिमटे काढतो आणि पुस्तक उघडले की पाणी प्यायला उठतो. ‘याच्यामुळे इतरांचे नुकसान होते, याला येऊ देऊ नये,’ असे नव्या कार्यकर्त्याला वाटते. विद्यार्थ्यांची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होते. अभ्यासिकेची परीक्षा या क्षणी होते.

या अनिच्छेच्या मुळाशी बहुधा आळस नसतो, लाज असते. सातवीतल्या मुलाचे वाचन जोडाक्षरापाशी अडते आणि शेजारी चौथीतली मुलगी घडाघडा वाचत असते. अशा वेळी अडाणी ठरण्यापेक्षा व्रात्य ठरणे त्याला परवडते. हाच मुलगा संध्याकाळी भाजीच्या गाडीवर पावणेदोन किलोचा हिशेब तोंडी करतो. कागदावर मात्र हातचा विसरतो. त्याला बुद्धीच नाही, असे कोण म्हणेल?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवण्यास मनाई झाली. हेतू चांगला होता. पण वाचता न येणारी मुलेही वर्षामागून वर्षे पुढे सरकत राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्याला त्याच वर्गात बसावे लागते. आपल्याहून लहान मुलांत बसण्याची लाज वाटून तो शाळाच सोडण्याचा धोका असतो. अशा मुलाला आपणही दार लावले, तर त्याने जावे कोठे?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. पंचतंत्राच्या प्रारंभी अमरशक्ती राजाचे तीन पुत्र विद्याविमुख आहेत. विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याचे वचन देतो, राजाने देऊ केलेली अग्रहारे नाकारतो आणि हे साधले नाही तर आपले नावच टाकू, असे म्हणतो. अपयशाचे उत्तरदायित्व तो मुलांवर नव्हे, स्वतःवर घेतो. त्यांच्या दारी तो शास्त्राची जड पोथी नेत नाही, गोष्टी नेतो.

कार्यकर्त्याने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अशा मुलाला सर्वांसमोर वाचायला उभे करू नये. त्याला वेगळा वेळ द्यावा. बसवरील पाट्या, क्रिकेटची बातमी, शिवचरित्रातील एखादा प्रसंग यांपासून सुरुवात करावी. महिन्यातून एकदा त्याच्या घरी जावे, पण तक्रार घेऊन नव्हे. आज जमलेली एक गोष्ट आईच्या कानी घालावी. मुख्य म्हणजे जूनमध्ये आलेल्या कार्यकर्त्याने एप्रिलपर्यंत टिकावे. उत्साहाने आलेली आणि दिवाळीनंतर दिसेनाशी झालेली माणसे त्या मुलाने पाहिलेली असतात. त्याचा अबोला हा बऱ्याचदा, ‘तुम्ही तरी राहणार का?’ असा प्रश्न असतो.

संस्कारांचेही तसेच आहे. गृहपाठ केला नाही म्हणून श्लोक दहा वेळा म्हणायला लावला, तर तो श्लोक त्या मुलाच्या मनात शिक्षा म्हणूनच राहील. गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्यास सांगतात. रणांगणावर जे स्वातंत्र्य शिष्याला मिळाले, ते आपल्या सतरंजीवर बसलेल्या मुलाला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? प्रार्थनेला तो गप्प बसला तर बसू द्यावा. ती म्हणणाऱ्या माणसांविषयी आपलेपणा वाटू लागला, की शब्द यायला वेळ लागत नाही.

सुस्थित घरांतून वह्या, दप्तरे आणि निधी मिळतो. त्याचे मोल आहेच. परंतु या कामाला अधिक गरज आहे ती आठवड्यातील दोन संध्याकाळ वर्षभर देणाऱ्या माणसांची. वृत्तात त्या मुलाची नोंद ‘एक’ एवढीच होईल. त्या एकासाठी वर्ष देण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्याच बळावर समरसतेचा शब्द वस्तीत खरा ठरेल.