‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका

संडासवाटे रक्त जाते, आव पडते, पोटात कळा येतात. घरात ठरते की मूळव्याध असेल. दुकानातून मलम येते आणि महिने निघून जातात. पुढे चालताना धाप लागू लागते, पापण्या आतून पांढऱ्या पडतात, तेव्हा कुठे रक्त तपासले जाते. हिमोग्लोबिन आठ निघते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण रक्त काही भरत नाही. ज्यांच्या घरी असे चालले आहे, त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द.

यामागे आतड्याची जुनाट सूज असू शकते. तिचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्सचा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, म्हणून ही सूज येते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे ताट-तांब्या वेगळे करण्याचे काहीही कारण नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

आता तपासणीच्या कागदाकडे वळू. पुरुषाचे हिमोग्लोबिन 13 च्या आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे 12 च्या खाली गेले की पंडुरोग समजावा. रक्त कमी आहे एवढेच हा आकडा सांगतो. ते का कमी आहे, हे सांगत नाही.

सूज किती आहे हे सी.आर.पी. सांगते. हे प्रथिन यकृतात तयार होते, सूज आली की काही तासांत वाढते आणि ओसरली की लवकर उतरते. मात्र कोलायटिसच्या काही रोग्यांत रोग जोरात असूनही ते वाढत नाही. ई.एस.आर. सावकाश चढतो, सावकाश उतरतो; शिवाय नुसता पंडुरोग, गरोदरपण किंवा उतारवय यांनीही तो वाढतो. उलट सिकलसेलच्या रोग्यात तो खोटाच कमी दिसतो. किनवट-माहूरकडच्या आणि विदर्भातल्या आपल्या वाचकांनी घरात सिकलसेल असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. प्लेटलेट वाढणे आणि अल्ब्युमिन उतरणे हीदेखील सुजेची खूण असू शकते. संडासची कॅलप्रोटेक्टिन तपासणी थेट आतड्याची खबर देते: एका ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, 250 च्या वर असेल तर बहुधा रोग जागा आहे.

खरी फसगत फेरिटिनमध्ये होते. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाची कणगी. सूज नसताना ते 30 च्या खाली गेले तर कणगी रिकामी. पण सूज असली की फेरिटिन आपोआप फुगते. म्हणून अशा रोग्यात 80 किंवा 90 हा आकडा चांगला दिसला तरी लोह कमी असू शकते. 100 पर्यंत ही शंका धरावी. अशा वेळी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात. ते 20 टक्क्यांच्या खाली असेल तर रक्त बनण्याच्या जागी लोह पुरेसे पोचत नाही. याचे कारण असे की सुजेच्या काळात यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ सोडते. त्याने लोहाची वाट अडते. गोळी पोटात जाते, पण लोह अंगी लागत नाही. अशा रोग्याला डॉक्टर शिरेतून लोह देतात आणि सोबत सुजेवरही इलाज करतात. आग पेटलेली ठेवून नुसते लोह घालत राहण्यात अर्थ नाही. क्रोन्सने लहान आतड्याचा शेवट धरला असेल तर बी-12 ही तपासून घ्यावे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. हिमोग्लोबिन, सी.आर.पी. आणि फेरिटिन हे आकडे एकत्र वाचून घ्या. एका वहीत तारखेसह उतरवून ठेवा. मुखेड, देगलूरहून एस.टी.ने विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात जाताना जुने कागद घरी विसरू नका. नव्या डॉक्टरांना आकडा चढतो आहे की उतरतो आहे, हे त्यावरूनच कळते. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका. आणि संडासवाटे रक्त जाते हे सांगायला लाजू नका. आया-बहिणींनी तर मुळीच नाही; पाळीमुळे रक्त कमी झाले असेल, असे म्हणून त्यांचे दुखणे फार दिवस झाकले जाते.